गुणपत्रिकेचे गणित

जबलपूर शहराच्या उत्तर भागात अधारताल नावाचा एक जुना तलाव आहे. राणी दुर्गावतीचा मंत्री अधारसिंह ह्याच्या नावाने तो ओळखला जातो. तलावाचे नाव पुढे वस्तीला मिळाले, आणि ह्याच भागात १९६४ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर पसरलेला आहे. सत्र संपून निकाल लागला म्हणजे अशा विद्यापीठातील मुलाच्या हाती जी पत्रिका येते, तिच्याकडे घरातील वडीलधारी मंडळी काही वेळ गोंधळून पाहत राहतात. त्यांच्या काळी गुणपत्रिकेत विषयाचे नाव, शंभरांपैकी मिळालेले गुण आणि शेवटी पहिला, दुसरा किंवा तिसरा वर्ग एवढेच असे. ह्या पत्रिकेत विषयापुढे ‘२+१’ असे काही कोडे असते, त्यापुढे ‘६.२००’ अशी संख्या असते आणि अखेरच्या ओळीत ‘६.३३१’. मुलगा उत्तीर्ण झाला हे कळते. पण किती टक्क्यांनी, ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर पत्रिकेत सापडत नाही.

ही पद्धत जबलपुरात कशी आली, हे थोडक्यात पाहू. येथील महाविद्यालये एके काळी १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. १९४६ मध्ये सागरचे विद्यापीठ निघाले, आणि १९५६ मध्ये जबलपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. तेच आज राणी दुर्गावती विश्वविद्यालय ह्या नावाने चालते. नाव व ठिकाण बदलले तरी परीक्षेची रीत एकच राहिली. वर्षभर शिकावे, वर्षाच्या अखेरीस तीन तासांत लिहावे आणि आपण ज्याला कधी पाहिले नाही अशा दूरच्या परीक्षकाच्या निर्णयाची वाट पाहावी. कृषी विद्यापीठे मात्र निराळ्या घडणीची होती. अमेरिकेतील भूमि-अनुदानित विद्यापीठांच्या नमुन्यावर १९६० मध्ये पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. पंतनगर व जबलपूर ह्या दोन्ही ठिकाणी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे सहकार्य होते. ह्या नमुन्यात वर्षाची विभागणी सत्रांत होते, जो शिकवतो तोच बऱ्याच अंशी परीक्षाही घेतो, आणि गुण एकदम न मिळता थोडेथोडे साठत जातात. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील महाराष्ट्राच्या कृषी विद्यापीठांतही हेच गणित चालते. तेव्हा पुढील विवेचन विदर्भातल्या किंवा कोकणातल्या विद्यार्थ्यालाही तितकेच उपयोगी पडावे.

एका विषयाचा हिशेब

आरंभ ‘२+१’ ह्या कोड्यापासूनच करू. ह्यातील पहिला आकडा व्याख्यानांचा आणि दुसरा प्रात्यक्षिकांचा. आठवड्यातून एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाचे दोन तास मिळून एक श्रेयांक. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ह्यालाच ‘क्रेडिट’ म्हणतात. ‘२+१’ असा विषय म्हणजे एकूण तीन श्रेयांकांचा. श्रेयांक म्हणजे मिळालेले गुण नव्हेत, हे नीट ध्यानात ठेवले पाहिजे. श्रेयांक हे विषयाचे वजन आहे. ते विद्यार्थी वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच ठरलेले असते.

भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने पदवीच्या अभ्यासक्रमासाठी जी रचना सुचवली, तीत प्रत्येक विषयाचे निम्मे गुण बाह्य लेखी परीक्षेला आणि निम्मे अंतर्गत मूल्यमापनाला दिलेले आहेत. व्याख्यान व प्रात्यक्षिक दोन्ही असलेल्या विषयात अंतर्गत ५० गुणांची वाटणी अशी : मध्यसत्र परीक्षा ३०, स्वाध्याय ५, प्रात्यक्षिक १५. स्थानिक नियमांत थोडाफार फरक असू शकतो. म्हणून ज्याने त्याने आपल्या विद्यापीठाची नियमपुस्तिका पाहूनच आकडे घ्यावेत.

आता समजा, एका विद्यार्थिनीला मृदाशास्त्रात मध्यसत्र परीक्षेत ३० पैकी १४ गुण मिळाले. स्वाध्यायात ५ पैकी ४ आणि प्रात्यक्षिकात १५ पैकी १० मिळाले. बेरीज २८. ती ५० पैकी आहे. अंतिम परीक्षेला अजून तीन आठवडे आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी विषयात एकूण ५० गुण हवेत, म्हणजे अंतिम परीक्षेत २२ मिळाले की धोका टळला. ६० गाठायचे तर ३२ हवेत, ७० साठी ४२. आणि ८०? त्यासाठी ५२ हवेत. परंतु परीक्षाच ५० गुणांची आहे. त्या दाराला कुलूप लागले ते मध्यसत्र परीक्षेच्या दिवशी, अंतिम परीक्षेच्या दिवशी नव्हे. वार्षिक परीक्षेच्या जुन्या रीतीत शेवटच्या महिन्यात सर्व काही भरून काढता येते असा विद्यार्थ्यांचा समज असे, आणि तो पुष्कळदा खराही ठरे. नव्या रीतीत त्या समजाला जागा उरत नाही. ह्याला कोणी जाच म्हणेल. पण २२ ही संख्या तीन आठवडे आधी हातात असणे हे भीतीने रात्र जागवण्यापेक्षा निश्चितच बरे.

आपल्या विद्यार्थिनीला अंतिम परीक्षेत ३४ मिळाले. एकूण ६२. कृषी विद्यापीठांच्या दशमान पद्धतीत टक्केवारीला दहाने भागले की श्रेणीबिंदू मिळतो. ६२ चे ६.२ झाले. समितीच्या तक्त्यात ८०.७६ टक्क्यांचे ८.०७६ असे उदाहरणच दिलेले आहे. तीन दशांश स्थळे कायम ठेवायची, वर ढकलायची नाहीत, खाली पाडायची नाहीत.

सत्राचा हिशेब

येथून पुढे बहुतेक विद्यार्थी एक चूक करतात, आणि पालक ती अधिक आत्मविश्वासाने करतात. सर्व विषयांचे गुण मिळवून विषयांच्या संख्येने भागले की सरासरी निघाली, असे ते धरून चालतात. आपल्या विद्यार्थिनीचे पाच विषय पाहा :

मृदाशास्त्र — ३ श्रेयांक, गुण ६२, ६.२ × ३ = १८.६
कृषिविद्या — ४ श्रेयांक, गुण ५८, ५.८ × ४ = २३.२
उद्यानविद्या — २ श्रेयांक, गुण ८१, ८.१ × २ = १६.२
सांख्यिकी — ३ श्रेयांक, गुण ५१, ५.१ × ३ = १५.३
शेतावरील प्रात्यक्षिक — १ श्रेयांक, गुण ९०; ९.० × १ = ९.०

गुणांची साधी बेरीज ३४२, पाचांनी भागून ६८.४. घरी बसून हिशेब करणारा म्हणेल, ६.८४ आले पाहिजेत. पण पत्रिकेत आले ६.३३१, आणि संशय कार्यालयावर जातो. कार्यालयाची चूक नाही. शेवटच्या स्तंभाची बेरीज ८२.३, श्रेयांकांची बेरीज १३, ८२.३ भागिले १३ म्हणजे ६.३३१. तिचे सर्वांत चांगले गुण सर्वांत हलक्या विषयांत पडले आणि जड विषयांत ती पन्नाशीच्या आसपास राहिली. बाजारात एक किलो महाग डाळ व चार किलो स्वस्त तांदूळ घेणाऱ्याला एकूण मालाचा किलोमागे सरासरी भाव काढायचा असेल तर तो दोन भाव मिळवून दोनाने भागत नाही. ज्याचे वजन अधिक त्याचा भाव सरासरीला आपल्याकडे ओढतो हे त्याला ठाऊक असते. गणितात ह्यालाच भारित सरासरी म्हणतात.

ह्यातून अभ्यासाच्या दृष्टीने एक गोष्ट निघते. कृषिविद्येत आणखी पाच गुण मिळाले असते तर सत्राची सरासरी ०.१५४ ने वाढली असती. तेच पाच गुण एका श्रेयांकाच्या प्रात्यक्षिकात वाढले असते तर वाढ फक्त ०.०३८. एकच श्रम, पण फळ चौपट. अर्थात ९० चे ९५ करणे आणि ५८ चे ६३ करणे ह्यांत कोणते सोपे, हे गणित सांगत नाही.

सत्रामागून सत्रे जातात तसतशी एकूण सरासरी जड होत जाते. समजा, एका विद्यार्थ्याचे ८० श्रेयांक पूर्ण झाले आहेत व आजवरची सरासरी ५.८५ आहे. पुढील सत्र २० श्रेयांकांचे. त्या सत्राअखेर एकूण सरासरी ६ वर आणायची तर किती हवेत? शंभर श्रेयांकांना ६ प्रमाणे ६०० बिंदू लागतात. हाती ८० × ५.८५ = ४६८ आहेत. उरले १३२, ते २० श्रेयांकांत मिळवायचे, म्हणजे सत्राची सरासरी ६.६ हवी. कठीण आहे, पण अशक्य नव्हे. तोच विद्यार्थी ७ ची आकांक्षा धरील तर त्याला ७०० मधून ४६८ वजा जाता २३२ बिंदू २० श्रेयांकांत मिळवावे लागतील : सरासरी ११.६. दहापैकी ११.६ कोणालाच मिळत नाहीत. हाच हिशेब त्याने पहिले २० श्रेयांक झाल्यावर केला असता, तेव्हाही सरासरी ५.८५ च असती, तर उरलेल्या ८० श्रेयांकांत ७.२९ पुरे झाले असते.

ह्या सहाला व साताला महत्त्व का? समितीच्या तक्त्याप्रमाणे पदवीच्या अखेरीस ५.००० ते ५.९९९ म्हणजे केवळ उत्तीर्ण, ६.००० पासून दुसरा वर्ग, ७.००० पासून पहिला वर्ग, ८.००० आणि त्यावर विशेष प्रावीण्यासह पहिला वर्ग. पुढील शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या जाहिरातीत जेथे वर्गाची अट असते तेथे ह्या रेषा आयुष्याला वळण देतात.

अक्षरांची रीत

शहराच्या दुसऱ्या विद्यापीठांत, आणि देशातील बहुसंख्य विद्यापीठांत, बिंदू निराळ्या मार्गाने काढतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास निवडीवर आधारलेल्या श्रेयांक पद्धतीसाठी जो दहा बिंदूंचा तक्ता दिला, त्यात आधी अक्षर व मग बिंदू येतो. ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए-प्लस’ ९, ‘ए’ ८, ‘बी-प्लस’ ७, ‘बी’ ६, ‘सी’ ५, ‘पी’ ४. ‘एफ’ व गैरहजेरी ह्यांना शून्य. श्रेयांकांनी गुणून सरासरी काढण्याची क्रिया मात्र तीच. वरवर पाहता दोन्ही रीती एकच वाटतात. तशा त्या नाहीत, आणि फरक चांगलाच मोठा आहे.

समजा, एखाद्या विद्यापीठाने ६० ते ६९ गुणांना ‘बी-प्लस’ आणि ७० ते ७९ गुणांना ‘ए’ असे ठरवले आहे. दोन विद्यार्थी घ्या. पाचही विषय समान श्रेयांकांचे. पहिल्याला पाचही विषयांत ७० गुण. दुसऱ्याला चार विषयांत ६९ आणि पाचव्यात ७९. पहिल्याची बेरीज ३५०, दुसऱ्याची ३५५. दुसरा पुढे आहे ह्यात शंका नाही. आता अक्षरे लावा. पहिल्याला पाच वेळा ‘ए’, सरासरी ८. दुसऱ्याला चार वेळा ‘बी-प्लस’ व एकदा ‘ए’. सातांची चौकडी २८, त्यात ८ मिळवून ३६, भागिले ५ म्हणजे ७.२. पाच गुण अधिक मिळवणारा विद्यार्थी ०.८ ने मागे पडला. अधारतालच्या रीतीने हेच दोघे ७.०० आणि ७.१० असे लागले असते. एकाच शहरात, एकाच उत्तरपत्रिकांवर, रीत बदलली की क्रम उलटतो.

शाळकरी मुलांनाही असे प्रसंग आले आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ पासून काही वर्षे दहावीला नऊ पायऱ्यांची श्रेणीपद्धती लावली होती. २०१८ च्या परीक्षेपासून गुण परत आले. त्या काळात ९१ ते १०० गुणांना ‘ए-१’ आणि १० बिंदू मिळत. टक्केवारी हवी असेल तर सरासरीला ९.५ ने गुणावे असे मंडळ सांगे. वरच्या गटातील मुलांचे मागील पाच वर्षांचे गुण सरासरीने ९५ च्या आसपास येत, त्यावरून तो गुणक काढलेला होता. म्हणजे सर्व विषयांत ९१ मिळवणारा आणि सर्व विषयांत १०० मिळवणारा, दोघेही ९५ टक्क्यांचे. एकाला चार गुणांची भेट, दुसऱ्याला पाचांचा दंड. ह्याच मंडळाच्या बारावीच्या गुणपत्रिकेतील अक्षरांचा अर्थ तर अगदीच वेगळा असतो. तेथे उत्तीर्ण विद्यार्थ्यांची गुणानुक्रमे रांग लावून तिचे आठ सारखे भाग करतात आणि पहिल्या अष्टमांशाला ‘ए-१’ देतात. त्या अक्षरावरून आपण किती लिहिले हे कळत नाही; आपल्या पुढे किती जण होते तेवढे कळते. अक्षर तेच, प्रश्न दुसरा.

मग अक्षरे हवीत कशाला?

इतके घोटाळे होत असतील तर सरळ गुणच का देऊ नयेत, असा प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी परीक्षकाच्या टेबलाकडे वळावे लागते. गुण हे एक मोजमाप आहे, आणि मोजमाप म्हटले की त्यात त्रुटी आलीच. तराजूची त्रुटी आपण सहज मान्य करतो. परीक्षकाची करीत नाही.

इंग्लंडमध्ये एजवर्थ ह्या गणिती अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मध्येच परीक्षेच्या गुणांना संभाव्यतेचे शास्त्र लावून दाखवले होते. १९१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट ह्यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला दिली. भूमितीत तरी मतभेदाला वाव नसावा अशी अपेक्षा होती. गुण आले २८ पासून ९२ पर्यंत.

ह्या विषयावरील सर्वांत बोलका प्रयोग करणाऱ्याचा भारताशी जवळचा संबंध होता. फिलिप हार्टॉग हे १९१७ ते १९१९ ह्या काळातील कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे सदस्य होते, आणि पुढे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी ऱ्होड्स ह्या संख्याशास्त्रज्ञाबरोबर परीक्षांचीच परीक्षा घेतली. तिचा अहवाल १९३५ मध्ये निघाला. शालान्त परीक्षेतील इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनी निवडल्या. मूळ परीक्षेत ह्या सर्वांना सारखेच मध्यम गुण पडले होते. त्या १५ अनुभवी परीक्षकांकडे दिल्या, तेव्हा सारख्या समजल्या गेलेल्या ह्या उत्तरपत्रिकांना चाळीसांहून अधिक निरनिराळ्या संख्या मिळाल्या. एवढ्यावर न थांबता, एक वर्ष ते दीड वर्ष उलटल्यावर त्याच उत्तरपत्रिका त्यांतील १४ परीक्षकांना पुन्हा दिल्या. पंधरा उत्तरपत्रिका व चौदा परीक्षक, म्हणजे २१० निर्णय. त्यांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच निर्णय फिरवला. पूर्वी उत्तीर्ण केलेल्याला अनुत्तीर्ण केले किंवा अनुत्तीर्णाला वर चढवले. येथे परीक्षक बेफिकीर होते असे नाही. निबंधवजा उत्तराला संख्या देणे हे कामच तसे आहे.

स्वतंत्र भारतात राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) परीक्षासुधारणा ही विद्यापीठांपुढील सर्वांत निकडीची सुधारणा मानली, आणि मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांत आकड्यांऐवजी पाच अक्षरे वापरावीत अशी शिफारस केली. युक्तिवाद सरळ आहे : ज्या मोजपट्टीला तीन-चार गुणांची चूक सहज होते, तिने ६२ आणि ६३ असा भेद दाखवू नये. मोठ्या खुणांची मोजपट्टीच तिला शोभते.

युक्तिवाद खरा की खोटा हे कागद-पेन्सिलीने पाहता येईल. समजा, ७० विद्यार्थी आहेत. त्यांची खरी योग्यता ६० ते ६९ ह्या दरम्यान आहे, प्रत्येक संख्येला सात जण. ही खरी योग्यता फक्त परमेश्वराला ठाऊक. परीक्षकाची चूक दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त तीन गुणांची. म्हणजे सारख्याच योग्यतेच्या त्या सात जणांपैकी एकाला तीन गुण कमी पडतात, एकाला दोन कमी, एकाला एक कमी, एकाला अगदी बरोबर, आणि उरलेल्या तिघांना अनुक्रमे एक, दोन व तीन जास्त.

गुण जाहीर केले तर काय होईल? प्रत्येक सातांपैकी सहा जणांचे गुण चुकीचे. सत्तरांपैकी साठ जणांचे. पण प्रत्येकाची चूक लहान. चुकांची एकूण बेरीज करू : एका गटात ३+२+१+०+१+२+३ म्हणजे १२, आणि असे दहा गट, म्हणून १२०.

आता अक्षरे जाहीर करा. ६३ ते ६६ योग्यतेच्या कोणाचेही अक्षर बदलत नाही. चूक झाली तरी ते साठ-एकोणसत्तरच्या आतच राहतात. ६० योग्यतेच्या सातांपैकी तिघे खाली घसरतात, ६१ चे दोघे, ६२ चा एक. वरच्या टोकाला ६७ चा एक, ६८ चे दोघे आणि ६९ चे तिघे वरच्या अक्षरात जातात. एकूण बारा. साठांऐवजी बाराच जणांवर अन्याय किंवा मेहेरबानी झाली, तेव्हा आयोगाचा युक्तिवाद खरा ठरला असे वाटते. पण ह्या बारा जणांची चूक केवढी? एक अक्षर म्हणजे एक बिंदू, आणि एक बिंदू म्हणजे दहा गुणांचे अंतर. बारा गुणिले दहा : १२०.

बेरीज तीच राहिली. अक्षराने परीक्षकाची चूक पुसली नाही, तिची वाटणी बदलली. साठ जणांच्या अंगावर शिंतोडे उडत होते, त्यांऐवजी बारा जण भिजले आणि बाकीचे कोरडे राहिले. ह्यांतले कोणते अधिक न्याय्य, हा प्रश्न गणिताच्या कक्षेबाहेरचा आहे. सत्तरांपैकी बहुतेकांना अक्षरपद्धती निवांतपणा देते हे मान्य केले पाहिजे; परंतु सीमेवर उभ्या असलेल्याला ती फार महाग पडते. आणि वरील उदाहरणात तीन गुणांचीच चूक धरली आहे. स्टार्च व एलियट ह्यांच्या शिक्षकांशी तुलना केली तर ती फारच सौम्य म्हणावी लागेल.

तीन दशांश स्थळे

मग कृषी विद्यापीठांची रीत ह्या दोषातून सुटली काय? विषयापुरती सुटली. तेथे ६९ आणि ७० ह्यांत ०.१ चेच अंतर आहे, आणि अनेक विषयांतील उलटसुलट चुका सरासरीत एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. पण पदवीच्या अखेरीस वर्ग ठरवण्याची वेळ आली की सीमा पुन्हा उभी राहते, आणि ह्या वेळी ती दशांशाच्या तिसऱ्या स्थळावर उभी असते.

पत्रिकेच्या शेवटी ५.९९६ आलेल्या विद्यार्थ्याची कल्पना करा. ६.००० ला ०.००४ कमी. हिशेब सोपा व्हावा म्हणून त्याच्या पदवीचे श्रेयांक शंभरच धरू. मग त्याला एकूण ०.४ बिंदू कमी पडले. चार श्रेयांकांच्या विषयात एक गुण वाढला म्हणजे बिंदू ०.१ ने वाढतो, आणि चारांनी गुणून ०.४ होतात. कित्येक वर्षांच्या शिक्षणात, साऱ्या उत्तरपत्रिका, प्रात्यक्षिकाच्या वह्या आणि स्वाध्याय मिळून, कोणा एका परीक्षकाने चार श्रेयांकांच्या एका विषयात एक गुण अधिक दिला असता तर ह्याच्या प्रमाणपत्रावर दुसरा वर्ग लिहिला गेला असता. श्रेयांक शंभरांहून जास्त असले तर हे अंतर एका गुणाहून थोडे अधिक भरेल, इतकेच. ५.९९६ ही संख्या वाचताना ती हजारांशापर्यंत अचूक आहे असा भास होतो. भागाकार खरोखर तितका अचूक आहे. ज्या गुणांचा भागाकार केला ते तितके अचूक नव्हते.

ह्या विद्यार्थ्याला करता येण्याजोगे थोडे असते. गुणांची बेरीज चुकली असेल, एखाद्या उत्तराला गुणच द्यायचे राहिले असतील, किंवा श्रेयांक चुकीचे धरले गेले असतील, तर फेरमोजणीत ते सापडते. अशा चुका नियमांच्या आधाराने दुरुस्त करून घेता येतात. परीक्षकाच्या मतातील फरक फेरमोजणीत सापडत नाही. म्हणून जो विद्यार्थी प्रत्येक सत्राअखेर आपल्या वहीत चार रकाने आखून विषय, श्रेयांक, गुण आणि त्यांचा गुणाकार मांडून ठेवतो, त्याला बेरजेची चूक त्याच सत्रात दिसते आणि अर्जाची मुदत जाण्यापूर्वी कार्यालयात जाता येते. सरासरी ५.८५ वर रेंगाळत असल्याचेही त्याला त्याच वहीत, पहिल्या वीस श्रेयांकांनंतर, वाचता येते. तेव्हा पुढील ऐंशी श्रेयांकांत ७.२९ अजून आवाक्यात असतात.